भंडाऱ्याच्या खदानी आणि परक्यांची युद्धे

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो. मालगुजारांच्या अमदानीत बांधलेल्या तलाव-बोड्यांच्या पाण्यावर रोवणी करावी, बांधीत उभ्या राहिलेल्या धानाची वाट पाहावी, आणि दिल्लीत किंवा विलायतेत काय चालले आहे याची वार्ता तहसील कचेरीच्या हुकुमातून अथवा बाजारभावातून जेवढी कळेल तेवढी ऐकावी, असा या मुलखाचा कित्येक पिढ्यांचा रिवाज होता. परंतु याच जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तहसिलीत, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या गावांच्या परिसरात भूमीच्या उदरात एक काळा, जड दगड दडलेला आहे. आणि त्या दगडापायी, परक्या राजधान्यांत बंद दाराआड घेतल्या गेलेल्या युद्धाच्या निर्णयांशी या जिल्ह्याचा संबंध विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच जडला आहे. अमेरिकेत एखादे युद्ध लोकांना नकोसे झाले, तर त्याचे उत्तरदायित्व तेथील कोणत्या राजपुरुषांवर ठेवावे, आणि त्या देशात ज्याला मताचा अधिकार नाही अशा बाहेरच्या माणसाने त्याचा न्याय करावा की नाही, हा प्रश्न भंडाऱ्यात बसून विचारण्याला हा दगड पुरेसे कारण आहे.

हा दगड म्हणजे मँगनीजचे खनिज. हातात घेतला तर आकाराच्या मानाने तो फार जड लागतो, फोडला तर आत पोलादी करडी झाक दिसते, आणि त्यातल्या मऊ जातीच्या दगडाचा काळा डाग तळहातावर उमटला तर तो नुसत्या पाण्याने सहजी जात नाही. लुईस ली फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजच्या साठ्यांवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या खनिजाशी निगडित असलेल्या एका खडकाला त्याने ‘गोंडाइट’ असे नाव दिले. ज्या गोंडांच्या भूमीत तो सापडला त्यांचे नाव अशा रीतीने भूशास्त्रात कायमचे नोंदले गेले, पण खदानीच्या नफ्यात त्यांचा वाटा मात्र कोठेच नोंदला गेला नाही. १८९६ साली विलायतेत नोंदणी झालेल्या आणि पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने नागपूर, भंडारा, बालाघाट या भागांत खाणपट्टे मिळवले. मुकादमाच्या हजेरीवर आलेल्या कुटुंबांतील पुरुष दगड काढीत, बायका हातोडीने तो फोडून त्याला लागलेला निकस खडक निराळा करीत, आणि पाट्या डोक्यावरून वाहून त्याचे चौकोनी ढीग रचीत. ढिगाचे माप घेऊन मजुरी चुकती होई. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर हा माल डब्यांत भरला जाई. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले तेव्हा तेथून जहाजांवर चढणाऱ्या मालात मध्यप्रांताचे मँगनीज प्रमुख होते.

मँगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही, आणि पोलादावाचून आधुनिक युद्ध होत नाही. एवढ्या एका कार्यकारणभावात या व्यवसायाचा सारा इतिहास सामावला आहे. १८८२ साली रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने पोलादात मँगनीजचे प्रमाण पुष्कळ वाढवून एक अत्यंत चिवट मिश्रधातू सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांचे शिरस्त्राण त्याच धातूचे होते. आणि १९४१ पासून अमेरिकन सैनिकाने जे शिरस्त्राण घातले, जे कोरियात आणि पुढे व्हिएतनाममध्येही त्याच्या डोक्यावर होते, तेही याच हॅडफील्ड पोलादाचे, म्हणजे ज्यात सुमारे बारा-तेरा टक्के मँगनीज असते अशा धातूचे, बनवलेले होते. कोणत्या शिरस्त्राणात कोणत्या खदानीचा दगड वितळला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. परंतु जगातील तोफखाने चालू झाले की तुमसरच्या परिसरात मजुरांना काम मिळावे, आणि तोफखाने थंडावले की त्यांच्या घरातील चूल थंडावावी, असे एक क्रूर नाते या दगडाने निर्माण करून ठेवले होते, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या नात्यात अमेरिकेचा प्रवेश झाला. तोवर अमेरिकेला मँगनीजचा मोठा पुरवठा सोव्हिएत रशियाकडून होत असे. १९४८-४९ च्या सुमारास शीतयुद्धाच्या वैमनस्यात रशियाने तो जवळजवळ थांबवला, आणि अमेरिकन पोलाद कारखानदारांची नजर भारताकडे वळली. पुढील काही वर्षे अमेरिकेला मँगनीज पुरवणाऱ्या देशांत भारत अग्रस्थानी होता. नेमक्या याच वेळी, २५ जून १९५० रोजी, उत्तर कोरियाचे सैन्य अडतिसावे अक्षवृत्त ओलांडून दक्षिणेत शिरले, आणि अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी काँग्रेसकडून युद्धाची घोषणा करवून न घेता, तिच्या मताची वाट न पाहता, आपले सैन्य लढाईत उतरवले.

भारताची भूमिका त्या वेळी गुंतागुंतीची होती. उत्तर कोरियाने आक्रमण केले हे नेहरूंच्या सरकारने मान्य केले, संयुक्त राष्ट्रांच्या जूनमधील ठरावांना पाठिंबा दिला, लढणारे सैन्य दिले नाही, पण लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली साठाव्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे वैद्यकीय पथक पाठवले. तोवर अमेरिकेशी मतभेद असला तरी तो विकोपाला गेलेला नव्हता. तो विकोपाला गेला एका रात्रीमुळे. ३ ऑक्टोबर १९५० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पेकिंगमधील भारतीय राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्या निवासस्थानी नेण्यात आले. अमेरिकन सैन्याने अडतिसावे अक्षवृत्त ओलांडले तर चीन युद्धात उतरेल, असा स्पष्ट इशारा चौ यांनी त्यांच्यामार्फत दिला. तो दिल्लीला आणि तेथून लंडन-वॉशिंग्टनला पोहोचला. ट्रूमन आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांनी तो धमकावणीचा डाव मानला. तो आणणारा माणूस चीनधार्जिणा आहे, असा त्यांचा ग्रह होता. ७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत कोरियाच्या एकीकरणाचा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर सेनापती मॅकार्थर यांनी ट्रूमन यांना भरवसा दिला की चीन उतरण्याचा संभव फारसा नाही. आणि १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य यालू नदी ओलांडू लागले. जे युद्ध काही महिन्यांत आटोपण्याचा संभव होता ते पुढे पावणेतीन वर्षे चालले, त्यात छत्तीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक कामी आले, आणि मेलेल्या कोरियनांची गणती लक्षांत झाली.

बाहेरच्या माणसाला अमेरिकेच्या राजकारणावर मत देण्याचा अधिकार काय, असे विचारणाऱ्यांनी या रात्रीचा विचार करावा. अमेरिकेतील मतदाराला जे ठाऊक नव्हते ते एका परक्या देशाच्या वकिलाला ठाऊक होते. त्याने ते वेळेवर सांगितले होते. आणि ज्यांनी ते ऐकले नाही त्यांची नावे, पदे व तारखा दप्तरात नोंदलेल्या आहेत. आक्रमण परतवणे हे एक कृत्य, आणि विजयाच्या भरात सीमा ओलांडून पुढे जाणे हे निराळे कृत्य. पहिल्याची जबाबदारी उत्तर कोरियावर जाते, दुसऱ्याची ट्रूमन यांच्या सरकारवर. भारताने हा भेद त्या वेळीच केला होता, आणि माझ्या मते तोच न्याय्य होता.

या मतभेदाची किंमत भारताने धान्यात मोजली. १९५१ च्या आरंभी देशात अन्नाची विलक्षण टंचाई होती, आणि वीस लक्ष टन धान्याची याचना वॉशिंग्टनला केलेली होती. १ फेब्रुवारीला चीनला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. ट्रूमन यांनी स्वतः धान्याच्या मदतीची शिफारस केली, पण अमेरिकन काँग्रेसमधील सभासदांनी ते विधेयक चार महिने घोळवले. धान्य द्यायचेच तर मोबदल्यात युद्धोपयोगी खनिजे मिळावीत, असा आग्रह त्या चर्चेत वारंवार धरला गेला, आणि अशा खनिजांत मोनाझाइट व बेरिल यांच्याबरोबर मँगनीजचेही नाव होते. १५ जून १९५१ रोजी कायदा मंजूर झाला तो एकोणीस कोटी डॉलरच्या कर्जाच्या स्वरूपात. चिखल्याच्या खदानीत पाटी उचलणाऱ्या बाईला याची गंधवार्ताही नसेल. पण तिने फोडलेल्या दगडाच्या जातीचा माल तराजूच्या एका पारड्यात आणि तिच्या देशबांधवांची भाकरी दुसऱ्या पारड्यात, असा तो व्यवहार झाला.

अमेरिकन जनतेने ट्रूमन यांचा निकाल आपल्या परीने लावला. १९५२ च्या फेब्रुवारीत गॅलपच्या चाचणीत त्यांना अनुकूल असणारांचे प्रमाण अवघे बावीस टक्के उरले. मार्चअखेर त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले. आणि आपण कोरियाला जाऊ असे वचन देणारे आयसेनहॉवर नोव्हेंबरात निवडून आले. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. तिच्यातील सर्वांत अवघड काम, म्हणजे मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण, भारताकडे आले. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले आणि कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात राखणदार सैन्याचे प्रमुख. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांचे पाऊल पडू देण्यास नकार दिल्याने या सैनिकांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. संतापलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या आवारात पकडून ठेवले तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि गोळीबार न करता त्यांनी त्याला सोडवून आणले. परक्याने सुरू केलेल्या युद्धाची शेवटची निरवानिरव एका मराठी सेनानीच्या धैर्यावर अवलंबून राहिली, हे अभिमानाने सांगावेसे वाटते.

हे सैन्य १९५४ च्या आरंभी परतले, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा मध्यप्रदेशात होता, गोंदिया त्याच जिल्ह्यात होते, आणि मतदारसंघ दोन जागांचा होता. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी. या निवडणुकीचे स्मरण आज बाबासाहेबांच्या पराभवापुरतेच केले जाते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना सुमारे आठ हजार मतांनी हरवले, आणि ही खंत विदर्भातील घराघरांत अजून बोलून दाखवली जाते. परंतु त्या प्रचारातील एक गोष्ट विस्मृतीत जाऊ नये: धानाच्या आणि खदानीच्या या मुलखात, ज्यांतील बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा श्रोत्यांसमोर, बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्रनीतीचा जाहीर पंचनामा केला.

तो काळच तसा होता. फेब्रुवारीअखेर आयसेनहॉवर यांनी पाकिस्तानला लष्करी मदत देण्याचे जाहीर केले होते. एप्रिलअखेर जिनिव्हाची परिषद भरली होती. ७ मे रोजी व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला. बाबासाहेबांचे मत नेहरूंच्या नेमके उलट होते. भारताने आपल्या वागणुकीने मित्र गमावले, आणि तटस्थतेपायी तो एकाकी पडला, असे ते १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनापासून सांगत आले होते. साडेतीनशे कोटींच्या महसुलातील एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, कारण संकटकाळी धावून येणारा मित्र नाही, असे त्यांनी त्या निवेदनात दाखवून दिले होते. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी देशांचे तुकडे पाडून विकत घेतलेल्या शांतीवर कठोर टीका केली. म्हणजे अमेरिकेच्या राजपुरुषांकडे पाहण्याची भारतीयांची दृष्टी त्या काळीही एक नव्हती. कोरियाच्या बाबतीत मी नेहरूंच्या बाजूचा आहे; तथापि बाबासाहेबांनी जी पद्धत घालून दिली, म्हणजे परराष्ट्रनीती ही सचिवालयाची मिरास नसून तिचा जाब गावच्या मतदारापुढे द्यावा लागतो, ती मला कोणत्याही एका मतापेक्षा मोलाची वाटते.

व्हिएतनामच्या युद्धात जबाबदारीचा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. ७ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव अमेरिकन प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केला, आणि अध्यक्ष जॉन्सन यांच्या हाती युद्धाची अनिर्बंध सनद आली. विरोध करणारे दोघे सिनेटर, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग, १९६८ साली आपापल्या जागा गमावून बसले. युद्ध अप्रिय झाल्यावर त्याचा सारा दोष जॉन्सन यांच्या माथी मारण्यात आला. परंतु हात वर करणाऱ्या ५०४ सभासदांपैकी बहुतेकांना त्या मताचा जाब कधी द्यावा लागला नाही. बाहेरून पाहणारा माणूस पुष्कळदा व्हाइट हाउसमधील एका व्यक्तीलाच पाहतो. त्याने या नावांची यादीही पाहिली पाहिजे.

भारताने बॉम्बफेक थांबवण्याचा सल्ला दिला, आणि पुन्हा धान्याचा प्रश्न उभा राहिला. १९६५-६६ च्या अवर्षणात जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. त्याआधी, एप्रिल १९६५ मध्ये, लालबहादूर शास्त्रींची अमेरिका-भेट त्यांनी ऐनवेळी पुढे ढकलली होती. महाराष्ट्रातील रेशनच्या दुकानांतून त्या वर्षांत मिळालेला तांबडा गहू आणि मिलो यांची चव जुन्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. जनतेच्या भुकेवर मुत्सद्देगिरीची पकड ठेवणे हे मला त्या युद्धाच्या अनेक अपराधांपैकी एक वाटते. त्या धान्याने लक्षावधी जीव वाचवले हेही तितकेच खरे आहे, आणि ते पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल कृतज्ञता ठेवण्यात कोणतीही विसंगती नाही.

दुसऱ्याला जाब विचारणाऱ्याने स्वतःच्या घरचा ताळेबंद दडवू नये. १९६२ च्या चिनी आक्रमणात आपली जी दैना झाली तिच्यानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले, आणि यशवंतराव चव्हाण त्या जागी गेले. परंतु त्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्या युद्धानंतरच्या शस्त्रसज्जतेत, १९६४ साली, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि जो जिल्हा परक्यांच्या युद्धांना कच्चा माल पुरवीत असे तो स्वतःच्या देशाच्या शस्त्रसिद्धतेत प्रत्यक्ष सहभागी झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चव्हाण लष्करी मदतीच्या वाटाघाटींसाठी वॉशिंग्टनला गेले होते. मेजाच्या एका बाजूला आदल्या मंत्र्याच्या पदच्युतीमुळे त्या जागी आलेला मराठी माणूस, आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा. नेहरूंच्या निधनामुळे चव्हाण तातडीने परतले. मॅकनमारा १९६८ मध्ये संरक्षण खाते सोडून जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले, आणि आपण चुकलो, फार मोठी चूक केली, हे त्यांनी छापील पुस्तकात कबूल केले ते १९९५ साली.

इराकच्या युद्धात हाच प्रकार पुन्हा घडला. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार दिला. होकार देणाऱ्यांपैकी कित्येकांनी पुढे, युद्ध लोकांना नकोसे झाल्यावर, आपली दिशाभूल झाली असे सांगितले. तेवीस जणांपुढे जी कागदपत्रे होती तीच सत्त्याहत्तरांपुढेही होती, म्हणून ही सबब मला मान्य होत नाही. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवण्यास नकार दिला, तो योग्यच होता.

परक्या राजपुरुषांकडून आपण मागायचे ते एवढेच, की ज्याने मत दिले त्याने त्या मताचे उत्तर द्यावे, आणि ते पद हाती असताना द्यावे. ही अपेक्षा अवाजवी नाही याचा पुरावा भंडाऱ्याच्याच निवडणुकीत आहे. १९५४ मध्ये सर्वसाधारण जागा जिंकून अशोक मेहता लोकसभेत गेले, पुढे काँग्रेसमध्ये आले, आणि इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि सुरक्षा समितीतील निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, तेव्हा आपल्या सरकारच्या त्या मौनाची जबाबदारी घेण्यास नकार देऊन त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.